साइन क्ष = १/२ : सगळी उत्तरे कशी काढायची

अकरावीत त्रिकोणमिती पुन्हा समोर येते, तेव्हा ती दहावीतली राहिलेली नसते. दहावीत कोन काटकोन त्रिकोणात बसलेला असतो, त्यामुळे शून्य आणि नव्वद अंशांच्या मध्येच त्याचा सगळा संसार. साइन क्ष = १/२ असेल तर क्ष किती, असे विचारले की ३०° सांगायचे आणि पुढच्या गणिताकडे वळायचे. अकरावीत हेच समीकरण येते, फक्त त्याच्यापुढे लिहिलेले असते 'सर्व उकली काढा'. मुले तरीही ३०° लिहितात, खाली दोन रेघा मारतात, आणि गुण जातात.

हा लेख त्या मुलांसाठी आहे, आणि संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसून गणित घेणाऱ्या आई-बाबांसाठीही. आपल्या इंदुरात रामबाग, लोकमान्यनगर भागांतल्या मराठी घरांतली बरीच मुले हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यांच्या पुस्तकात याला 'व्यापक हल' म्हटलेले असेल किंवा 'जनरल सोल्यूशन', रीत एकच आहे. मी अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवते, आणि माझे पक्के मत झाले आहे की हा धडा सूत्रांपासून सुरू केला की बिघडतो. आधी उत्तरे किती असणार ते ठरवावे, मग ती कुठे आहेत ते शोधावे, आणि मगच लिहायला घ्यावे. सूत्रे त्यातून आपोआप निघतात.

आधी चित्र

मेळ्यातला आकाशपाळणा डोळ्यांसमोर आणा. मधल्या आसापासून पाळण्यापर्यंतचा आरा दहा मीटर लांब आहे असे धरू. पाळणा आसाच्या बरोबर उजवीकडे, आडव्या रेषेवर असतो तेव्हा कोन शून्य. तिथून तो घड्याळाच्या उलट दिशेने वर चढतो. ९०° झाले की माथ्यावर, १८०° ला डावीकडे आडवा, २७०° ला तळाशी आणि ३६०° ला पुन्हा निघाला तिथेच.

आता साइन म्हणजे काय? पाळणा आसापेक्षा किती वर आहे, भागिले आऱ्याची लांबी. बस्स. पाळणा आसाच्या खाली गेला की साइन ऋण. साइन क्ष = १/२ म्हणजे पाळणा आसाच्या पाच मीटर वर आहे.

एका फेरीत असे किती वेळा होते? दोनदा. चढताना एकदा आणि उतरताना एकदा. चढताना कोन ३०° असतो, हे दहावीच्या तक्त्यातून माहीत आहे. उतरताना तीच उंची डावीकडच्या आडव्या रेषेला पोचायच्या ३०° आधी येते, म्हणजे १८०° − ३०° = १५०°. पहिल्या फेरीतली उत्तरे संपली.

पण पाळणा एका फेरीवर थांबत नाही. पुढच्या फेरीत ३९०° आणि ५१०° ला तो पुन्हा त्याच उंचीवर येतो, त्यापुढे ७५०° आणि ८७०° ला. उलटा फिरवला तर −२१०° आणि −३३०° ला. म्हणून सगळी उत्तरे अशी लिहितात:

क्ष = ३०° + ३६०°क किंवा क्ष = १५०° + ३६०°क, जिथे क हा कोणताही पूर्णांक.

क म्हणजे किती पूर्ण फेऱ्या झाल्या ते. तो शून्य असू शकतो, ऋण असू शकतो, पण अपूर्णांक असू शकत नाही. 'क हा पूर्णांक' हे शब्द उत्तरात लिहिलेच पाहिजेत. ते नसले तर उत्तर अर्धवट राहते.

याच चित्रात कॉस आणि टॅनही आहेत. कॉस म्हणजे पाळणा आसाच्या किती उजवीकडे आहे, भागिले आऱ्याची लांबी. डावीकडे गेला की ऋण. एकाच अंतरावर उजवीकडे असलेल्या दोन जागा एकमेकींच्या बरोबर वर-खाली असतात, म्हणून कॉसची उत्तरे अधिक-उणे अशा जोडीने येतात. टॅन म्हणजे आऱ्याचा चढ: वरचे अंतर भागिले उजवीकडचे अंतर. समोरासमोरचे दोन आरे एकाच सरळ रेषेत असतात, त्यांचा चढ एकच. म्हणून टॅनची उत्तरे दर १८०° ला येतात, ३६०° ची वाट बघावी लागत नाही.

मोजणी आधी

समीकरण सोडवायला घेण्यापूर्वी ते एका बाजूला साइन, कॉस किंवा टॅन आणि दुसऱ्या बाजूला निव्वळ संख्या असे मांडा. २ साइन क्ष − १ = ० असेल तर साइन क्ष = १/२. आता ती संख्या बघा.

साइन किंवा कॉस −१ आणि १ यांच्या मधल्या संख्येइतका असेल तर एका फेरीत दोन उत्तरे. बरोबर १ किंवा −१ असेल तर एकच, कारण माथ्यावर आणि तळाशी पाळणा फेरीत एकदाच जातो. १ पेक्षा मोठा किंवा −१ पेक्षा लहान असेल तर एकही नाही: दहा मीटरच्या आऱ्यावरचा पाळणा बारा मीटर वर जाणार कसा? टॅनला असली मर्यादा नाही. कुठलीही संख्या चालते आणि एका फेरीत नेहमी दोन उत्तरे मिळतात.

या मोजणीला अर्धा मिनिटही लागत नाही. पण हातात दोन उत्तरे यायला हवीत हे आधी कळले, की एकावर थांबणे होत नाही.

उत्तरे शोधण्याच्या पायऱ्या

उदाहरण म्हणून २ कॉस क्ष + √३ = ० घेऊ.

पहिल्यांदा मांडणी. कॉस क्ष = −√३/२. संख्या −१ आणि १ च्या मध्ये आहे, म्हणजे फेरीत दोन उत्तरे.

मग चिन्ह बाजूला ठेवून तक्त्यातला कोन काढायचा. कॉस √३/२ कुठे असतो? ३०° ला. हा झाला संदर्भ कोन. हे अजून उत्तर नव्हे. इथे मुले घाई करतात आणि −३०° लिहून मोकळी होतात. पण −३०° चा कॉस √३/२ हाच येतो, ऋण येत नाही.

त्यानंतर चरण ठरवायचा, म्हणजे फेरीच्या ९०°-९०° च्या चार भागांपैकी कोणता ते. कॉस ऋण म्हणजे पाळणा डावीकडे: दुसरा आणि तिसरा चरण. क्लासात 'ऑल, साइन, टॅन, कॉस' असे पाठ करून घेतात, म्हणजे पहिल्या चरणात सगळे धन, दुसऱ्यात फक्त साइन, तिसऱ्यात टॅन, चौथ्यात कॉस. पाठ असेल तर उत्तम, पण वहीच्या कडेला एक छोटे वर्तुळ काढून खूण केली तर पाठांतराची गरजच उरत नाही. संदर्भ कोन नेहमी आडव्या रेषेपासून मोजायचा. दुसऱ्या चरणात १८०° − ३०° = १५०°, तिसऱ्यात १८०° + ३०° = २१०°. चौथ्या चरणात असता तर ३६०° − ३०° = ३३०° झाला असता.

शेवटी फेऱ्या जोडायच्या: क्ष = १५०° + ३६०°क किंवा क्ष = २१०° + ३६०°क.

पडताळा एका ओळीचा: कॉस २१०° = −कॉस ३०° = −√३/२. जमले.

टॅनचे उदाहरण भरभर बघू. टॅन क्ष = −१. संदर्भ कोन ४५°, टॅन ऋण म्हणून दुसरा आणि चौथा चरण: १३५° आणि ३१५°. या दोघांत बरोबर १८०° चे अंतर आहे, म्हणून दोन ओळी लिहायची गरज नाही. क्ष = १३५° + १८०°क एवढ्यात दोन्ही येतात.

रेडियनमध्ये, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या एककात, विचारले असेल तर १८०° च्या जागी पाय (π) घालायचा. ३०° म्हणजे पाय/६, १५०° म्हणजे ५पाय/६, ३६०°क म्हणजे २पाय·क. एकाच उत्तरात अंश आणि रेडियन मिसळायचे नाहीत. ३०° + २पाय·क असे लिहिणाऱ्यांची संख्या कमी नाही, आणि ते चूक आहे.

कॅल्क्युलेटर एकच उत्तर का देतो

बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, पण घरी मोबाईलवर ताळा करून बघायला हरकत नाही. फक्त त्याचा स्वभाव ओळखून असावे. साइनचे उलट बटण नेहमी −९०° ते ९०° मधलाच कोन देते, कॉसचे ०° ते १८०° मधला, टॅनचे −९०° ते ९०° च्या आतला. एक संख्या घातली की एकच कोन बाहेर यावा म्हणून ही मर्यादा ठरवून घातलेली आहे. उरलेली उत्तरे आपण काढायची.

समजा साइन क्ष = −१/२. कॅल्क्युलेटर −३०° दाखवतो. हा कोन बरोबर आहे, पण ०° ते ३६०° मध्ये बसत नाही. त्यात ३६०° मिळवा: ३३०°. दुसरे उत्तर १८०° मधून वजा करून: १८०° − (−३०°) = २१०°. तक्त्यात नसलेल्या संख्येलाही हेच. साइन क्ष = ०.३ असेल तर कॅल्क्युलेटर साधारण १७.५° देतो, तेव्हा दुसरा कोन १६२.५°.

आणि ०.५ घातल्यावर ३० च्या ऐवजी ०.५२३६ दिसले तर घाबरू नका. कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे, अंशांवर आणा.

पुस्तकाचे उत्तर वेगळे दिसते तेव्हा

इथे थोडे थांबते, कारण या जागी चांगली मुलेही धीर सोडतात. गणित बरोबर सोडवलेले असते, मागचे उत्तर उघडतात आणि तिथे भलतेच काही लिहिलेले असते. मग बरोबर उत्तर खोडतात.

साइन क्ष = १/२ चे उत्तर पुस्तकात बहुधा असे असते: क्ष = १८०°क + (−१) चा क-वा घात × ३०°. दिसायला अवघड आहे, पण क ला एकेक किंमत देऊन बघा. क = ० ला ३०°. क = १ ला १८०° − ३०° = १५०°. क = २ ला ३६०° + ३०° = ३९०°. क = ३ ला ५४०° − ३०° = ५१०°. आपलीच उत्तरे आहेत ही, एकाच ओळीत ओवलेली. क सम असेल तर चढतीची जागा, विषम असेल तर उतरतीची. उणे एकाचा घात तेवढेच काम करतो.

कॉसचे वरचे उत्तर पुस्तकात ३६०°क ± १५०° असे असेल. २१०° आणि −१५०° यांत बरोबर ३६०° चे अंतर आहे, म्हणजे पाळण्याची जागा एकच. टॅनचे उत्तर −४५° + १८०°क असे असेल तर क = १ ठेवा, १३५° आलेच.

तेव्हा नियम असा ठेवावा: दोन उत्तरे वेगळी दिसली की दोन्हीत क = −१, ०, १, २ घालून कोनांची यादी करायची. यादी जुळली तर उत्तर एकच आहे. मला व्यक्तिशः दोन ओळींचे उत्तर आवडते, कारण त्यात कोणता कोन कुठून आला ते दिसते. एका ओळीचे सूत्र थोडक्यात लिहायला सोयीचे. दोन्ही बरोबर.

इंदूर, बडोदा, ग्वाल्हेर

आपल्यापैकी बहुतेकांचे कोणी ना कोणी बडोद्याला असते, कोणी ग्वाल्हेरला. या तिन्ही शहरांना एकच समीकरण लावले तर मोजणीचा नियम प्रत्यक्ष आकाशात दिसतो.

सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते, त्या दिवसाला शून्य सावली दिवस म्हणतात. सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासून तो किती अंश उत्तरेला आहे ते, गावाच्या अक्षांशाइतकी झाली की हे घडते. पृथ्वीचा आस सुमारे २३.४४° कललेला आहे. सूर्य वसंत संपातापासून, म्हणजे मार्चमध्ये तो विषुववृत्त ओलांडून उत्तरेला येतो त्या जागेपासून, आपल्या वार्षिक मार्गावर क्ष अंश पुढे गेला असेल, तर

साइन (क्रांती) = साइन २३.४४° × साइन क्ष.

इंदूरचा अक्षांश सुमारे २२.७२°. क्रांतीच्या जागी तो ठेवला तर साइन क्ष = ०.३८६२ ÷ ०.३९७८, म्हणजे जवळपास ०.९७१. संख्या १ पेक्षा लहान आहे, तेव्हा उत्तरे दोन: क्ष साधारण ७६° आणि १८०° − ७६° = १०४°. सूर्य ९०° वर येतो तो दिवस २१ जून. त्या दिवसांत तो रोज एका अंशाहून किंचित कमी सरकतो, म्हणून १४° ला साडेचौदा दिवसांच्या आसपास लागतात. म्हणजे एक दिवस ६-७ जूनच्या सुमाराचा आणि दुसरा ५-६ जुलैच्या. दोन्ही वेळा घड्याळात बाराऐवजी साडेबाराच्या आगेमागे, कारण भारतीय प्रमाणवेळ ज्या रेखावृत्ताची आहे त्याच्या इंदूर बरेच पश्चिमेला आहे. जुलैत ढगच असतात बहुधा, पण उत्तर ढगांमुळे चुकत नाही. आणि ३६०°क म्हणजे इथे काय? दर वर्षी पुन्हा.

बडोद्याचा अक्षांश सुमारे २२.३१°. हीच आकडेमोड केली की क्ष साधारण ७३° आणि १०७° येतो: ३ जून आणि ९ जुलैच्या सुमारास. गाव जितके दक्षिणेला, तितकी दोन उत्तरे एकमेकांपासून लांब.

उलट उज्जैनला ती जवळ येतात, १२ जून आणि ३० जूनच्या सुमारास, कारण तिथे साइन क्ष ०.९९ च्या घरात जातो. सवाई जयसिंहाने बांधलेल्या तिथल्या वेधशाळेत लोक २१ जूनला सावली नाहीशी होताना बघतात. त्या दिवशी सूर्य उज्जैनच्या डोक्यापासून जेमतेम पाव अंश ढळलेला असतो. एक मीटर उंच काठीची सावली तेव्हा साडेचार मिलिमीटरच्या आसपास पडते. डोळ्याला ती नसल्यासारखीच. बरोबर कर्कवृत्तावरच्या गावी साइन क्ष = १, उत्तर एकच: ९०°.

आता ग्वाल्हेर. अक्षांश सुमारे २६.२२°. साइन क्ष = ०.४४१८ ÷ ०.३९७८ = १.११. एकापेक्षा मोठी संख्या, उकल नाही. ग्वाल्हेरला सूर्य कधीच बरोबर डोक्यावर येत नाही, आणि हे कळायला कोन शोधावाही लागला नाही.

कंसात ३क्ष असेल तर

साइन ३क्ष = १/२, आणि क्ष ०° ते ३६०° मध्ये हवा. सर्वांत जास्त गुण इथे जातात. मुले ३क्ष = ३०° किंवा १५०° लिहितात, तीनने भागून १०° आणि ५०° मिळवतात आणि संपवतात. दोन उत्तरे. खरी आहेत सहा.

कारण सोपे आहे. क्ष एक फेरी करतो तेवढ्यात ३क्ष तीन फेऱ्या करतो, आणि प्रत्येक फेरीत दोन उत्तरे. म्हणून फेऱ्या आधी जोडायच्या, भागाकार नंतर:

३क्ष = ३०° + ३६०°क, म्हणून क्ष = १०° + १२०°क.
३क्ष = १५०° + ३६०°क, म्हणून क्ष = ५०° + १२०°क.

क = ०, १, २ ठेवा: १०°, १३०°, २५०° आणि ५०°, १७०°, २९०°. क = ३ ला दोन्ही ओळी ३६०° च्या पुढे जातात, तिथे थांबायचे. ३६०° लाही तीनने भाग जातो हे विसरू नका. क्ष = १०° + ३६०°क असे लिहिले तर चार उत्तरे गळाली.

कंसात क्ष/२ असेल तर उलट. साइन (क्ष/२) = √३/२ घ्या: क्ष/२ = ६०° + ३६०°क किंवा १२०° + ३६०°क, म्हणून क्ष = १२०° + ७२०°क किंवा २४०° + ७२०°क. इथे दोनने गुणताना ३६०° चे ७२०° होतात.

मर्यादा दिलेली असली की तिच्या टोकांकडे नीट बघा. साइन क्ष = ० ची उत्तरे ०° ≤ क्ष < ३६०° मध्ये दोन आहेत, ०° आणि १८०°. पण मर्यादा ०° ≤ क्ष ≤ ३६०° असेल तर तीन, कारण ३६०° ही आत येतो. बरोबरच्या एका छोट्या रेघेवर एक उत्तर अवलंबून असते.

उत्तरे हरवतात कुठे, आणि आगंतुक येतात कुठून

साइन २क्ष = साइन क्ष. दुप्पट कोनाच्या सूत्राने डावीकडे साइन २क्ष च्या जागी २ साइन क्ष कॉस क्ष लिहिले की दोन्ही बाजूंना साइन क्ष दिसतो आणि हात शिवशिवतात तो काटायला. काटू नका. साइन क्ष शून्यही असू शकतो आणि शून्याने भागता येत नाही. काटला की उरते कॉस क्ष = १/२, आणि मिळतात फक्त ६०° आणि ३००°. त्याऐवजी सगळे एका बाजूला आणून अवयव पाडा:

साइन क्ष (२ कॉस क्ष − १) = ०.

साइन क्ष = ० पासून ०° आणि १८०°, कॉस क्ष = १/२ पासून ६०° आणि ३००°. एका फेरीत चार.

वर्ग केल्याने याच्या उलट होते. साइन क्ष + कॉस क्ष = १ घ्या. दोन्ही बाजूंचा वर्ग केला तर १ + साइन २क्ष = १, म्हणजे साइन २क्ष = ०, आणि क्ष = ०°, ९०°, १८०°, २७०°. आता मूळ समीकरणात घालून बघा. ०° ला ० + १ = १, चालले. ९०° ला १ + ० = १, चालले. १८०° ला ० − १ = −१. २७०° ला −१ + ० = −१. ही दोन्ही आगंतुक आहेत, काढून टाका. उणे एकाचा वर्गही एकच असतो, म्हणून ती आत शिरली. वर्ग केला की मूळ समीकरणात पडताळा घेणे सक्तीचे.

वर्ग टाळायचा असेल तर √२ ने भागा. डावी बाजू कॉस (क्ष − ४५°) होते, उजवी १/√२. मग क्ष − ४५° = ±४५° + ३६०°क, म्हणजे क्ष = ९०° + ३६०°क किंवा क्ष = ३६०°क. आगंतुक कोणी आलेच नाही. मला ही रीत जास्त पसंत आहे.

आणखी एक सापळा टॅनचा. टॅन क्ष × कॉस क्ष = १ सोडवले की साइन क्ष = १ आणि क्ष = ९०° येते. पण ९०° ला टॅनच अस्तित्वात नाही. या समीकरणाला उकल नाही.

वर्गसमीकरणाचा वेश

२ कॉस² क्ष + ३ साइन क्ष = ० यात दोन वेगवेगळी फले आहेत, साइन आणि कॉस. कॉस² क्ष च्या जागी १ − साइन² क्ष ठेवा:

२ − २ साइन² क्ष + ३ साइन क्ष = ०
२ साइन² क्ष − ३ साइन क्ष − २ = ०
(२ साइन क्ष + १)(साइन क्ष − २) = ०

साइन क्ष = २ पहिल्या मोजणीतच बाद. उरला साइन क्ष = −१/२, म्हणून क्ष = २१०° + ३६०°क किंवा ३३०° + ३६०°क. बाद झालेला अवयव गुपचूप सोडून देऊ नका. 'साइन १ पेक्षा मोठा नसतो, म्हणून उकल नाही' असे एका ओळीत लिहा, तपासणाऱ्याला ते दिसायला हवे.

स्वतः करून बघायला चार

प्रत्येकात उत्तरे किती येणार ते आधी कडेला लिहा, मग सोडवा.

१. √२ कॉस क्ष = १, सर्व उकली.
२. टॅन २क्ष = √३, ०° ≤ क्ष < ३६०°.
३. २ साइन² क्ष = साइन क्ष, ०° ≤ क्ष < ३६०°.
४. ३ साइन क्ष = ४, सर्व उकली.

पहिल्याचे उत्तर क्ष = ३६०°क ± ४५°. दुसऱ्यात २क्ष = ६०° + १८०°क, म्हणून क्ष = ३०° + ९०°क, आणि मर्यादेत ३०°, १२०°, २१०°, ३००°. इथे कोणी दोनच काढली असतील तर १८०° ला दोनने भागायचे राहिले आहे. तिसऱ्यात साइन काटला नसेल तर ०°, ३०°, १५०°, १८०° अशी चार येतात, काटला असेल तर मधली दोनच. चौथ्यात साइन क्ष = ४/३ आहे. तिथे 'उकल नाही' हेच पूर्ण उत्तर, आणि त्याच्यापुढे कारण लिहायचे.